राखलेलं कुरण

९ नोव्हेंबर १९८४

गेलं एकदाचं. काल जेवताना रेडिओवर अर्थसंकल्प ऐकला. आयव्हर काट्याला बटाटा टोचून तसाच बसून राहिला. मटणाचा हमीभाव बंद होणार, खताचं अनुदान बंद, डोंगर साफ करायला मिळायचं ते बंद. सगळ्या शेतकऱ्यांनी आता आपलं आपण बघायचं.

वीस वर्षं हेच सरकारी लोक आमच्या अंगणात बूट चिखलात घालून उभे राहायचे. "प्रॉसर, मेंढ्या वाढवा. झुडपं जाळा, गवत पेरा, वरून विमानानं खत टाका. पैशांची काळजी तुम्ही कशाला करता?" आयव्हरनं, माझ्या शहाण्या नवऱ्यानं, वाढवल्या. ज्या कड्यावर शेळीचे पाय घसरतील तिथे मेंढ्या चढवल्या. आता म्हणे, असं करायला नकोच होतं.

इथे लिहायला हरकत नाही, मला थोडं बरंच वाटलं. त्या कड्यावर मेंढ्या नेणं मला कधी पटलंच नव्हतं. पण हे काल बोलले असते तर रेडिओ माझ्या डोक्यात पडला असता.

२१ फेब्रुवारी १९८५

शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. नदीकाठची एकोणीस पोरं. आयव्हर म्हणाला, "तुझ्या गुडघ्याला क्लच झेपेल का?" म्हटलं, तुला झेपवलं तीस वर्षं, क्लचचं काय घेऊन बसलास. हसला नाही. पूर्वी हसायचा.

३० मार्च

मटणाच्या कारखान्याची चिठ्ठी आली. दात पडलेल्या म्हाताऱ्या मेंढ्या यंदा आणू नका. आणल्यात तर कापून घेऊ, पण हातात काही पडणार नाही आणि ट्रकचं भाडं तुमचंच. दर वर्षी याच महिन्यात म्हाताऱ्या खाली जायच्या आणि त्यांच्या जागी तरुण यायच्या, ही रीत आयव्हरच्या आजोबांपासूनची. आता न्यायच्या कुठे?

होहेपा आला होता, नदीपलीकडचा शेजारी. त्यानं गेल्याच वर्षी सगळ्या मेंढ्या विकल्या आणि तो कारखान्यात साखळीवर लागला. साखळी म्हणजे छताखालून फिरणारा आकड्यांचा पट्टा. पुढ्यात येईल ती मेंढी सोलायची, की पुढची हजर. तो म्हणाला, "वरच्या बाजूला सगळे खड्डे खणतायत, मालकीणबाई. आमच्या भावाचं यंत्र दिवसभर तेच करतंय. घरी कापायच्या आणि पुरायच्या. दुसरा इलाज नाही."

आयव्हर म्हणाला, "खाण्यासारखं मटण पुरायचं?"

"खाण्यासारखं कसलं? चप्पल बरी."

आमच्या दोनशे सहा आहेत.

१३ एप्रिल, शनिवार

झालं ते काम. मी दिवसभर गावात होते. बस दुरुस्तीला होती आणि आयव्हरनंच मला हट्टानं पाठवलं, "तू इथे नको थांबूस" म्हणाला. माणूस बाहेरून कितीही दगड असला तरी आतून बरा आहे. मी आले तेव्हा खड्डा बुजवून, ट्रॅक्टरनं वरची माती चेपूनसुद्धा झाली होती. एका दिवसात एकट्यानं दोनशे! त्याच्या शर्टावर रक्ताचा एक डाग नव्हता. इतक्या सफाईनं काम करणारा माणूस सबंध जिल्ह्यात सापडणार नाही.

जेवला पोटभर. मला वाटलं होतं उपाशी झोपेल. सुटल्यासारखं वाटलं मला.

२० एप्रिल

वरची घळ बंद केली, म्हणजे आयव्हरनं केली. दर एप्रिलमध्ये फाटकाला तार आवळायची आणि हिवाळा सरेपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, तिथे एकही खूर पडू द्यायचा नाही. तिथे वारा लागत नाही, झरा आहे, हिवाळाभर गवत उभं राहतं. मेंढ्या व्यायला आल्या की तीन आठवडे आधी फाटक उघडायचं. राखलेल्या गवतावर त्यांच्या अंगावर दूध चढतं. विमानाचं खत आता परवडणार नाही, म्हणजे यंदा ती घळच आमचं सगळं काही. चारशे दोनदाती, म्हणजे दोनच मोठे दात आलेल्या तरुण मेंढ्या, पहिल्यांदा विणार आहेत. त्यांची कोकरं जगली तर आम्ही इथे राहू. नाही जगली तर सामान बांधायचं, इतकं सरळ आहे.

खड्ड्याकडून वास कसा येत नाही म्हणून विचारलं. म्हणाला, चुना टाकलाय.

१२ मे, रविवार

काल गेथिन आला. आयव्हरचा आतेभाऊ, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा, वेल्समधला. तिकडचा कोकरांचा हंगाम आटोपून तीन आठवड्यांसाठी आलाय. पन्नाशीचा, लालबुंद, बोलायला लागला की थांबत नाही. येताना माझ्यासाठी चहाचा डबा आणलाय, त्यावर किल्ल्याचं चित्र. डोंगर बघून म्हणाला, "हे सगळं तुमचं? आणि सरकार काहीच देत नाही? काहीच?"

"काहीच," आयव्हर म्हणाला.

"अरे, मग तुम्ही मेंढ्या पाळता कशाला?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मग त्याच्याकडचं सांगायला लागला. तिकडे डोंगरावरच्या मेंढीला डोईमागे पैसे मिळतात. "मेंढी नुसती उभी राहिली की झालं, नोलीन! दात नकोत, लोकर नको. पाय चार हवेत, आणि तेसुद्धा मोजणारा येईल त्या दिवशी. आमच्या शेजाऱ्याच्या कमी पडल्या की माझ्या चाळीस त्याच्या कुंपणात. तो माणूस चहा पिईपर्यंत मागच्या वाटेनं परत माझ्याकडे. एक म्हातारी आहे, ती चार वेळा मोजली गेली. तिला आम्ही खासदारीणबाई म्हणतो."

मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आयव्हरही हसला, जरा जास्तच मोठ्यानं. मग विचारलं, "मोजून झाल्यावर त्या म्हाताऱ्यांचं काय करता?"

"काय करणार? पुढच्या वर्षी परत मोजतो."

आयव्हर उठून ओसरीवर गेला. बिचारा. आमचं मटण त्यांच्या बाजारात शिरू नये म्हणून तिकडे दारं लावलेली, आणि इथे बसून त्याच घरच्या माणसाला मटण वाढायचं. मला गेथिनचा राग येत नाही. तो गरीब माणूस आहे. त्याचं सगळं शेत आमच्या खालच्या माळाएवढं. पण त्याच्या मेंढ्यांना किंमत आहे आणि आमच्यांना नाही, हे काय गौडबंगाल आहे ते मला कुणीतरी समजावून सांगावं. मेंढ्या तर सारख्याच.

१९ मे

आज आयव्हर गेथिनला घेऊन वर गेला होता. गुडघ्यामुळे मी गेले नाही. चार तासांनी आले. मी गेथिनला दोनदा विचारलं काय झालं, तर म्हणाला, "तुमचे डोंगर फार उभे आहेत बाई." जेवताना एकही गोष्ट सांगितली नाही. दमला असेल.

१ जून

गेथिन गेला. स्टेशनवर मला बाजूला घेऊन विचारलं, "तू त्या घळीत कधी जातेस?"

"ऑगस्टमध्ये. फाटक उघडायला."

"त्याआधी एकदा जाऊन ये की."

"गुडघा बघितलास का माझा?"

त्यानं टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "आयव्हर आमच्याकडे जन्माला यायला हवा होता." काय बोलायचं यावर? सगळ्यांनाच वाटतं कुठेतरी दुसरीकडे जन्माला यायला हवं होतं. मलाही वाटतं, बस धुताना.

१४ जून

आयव्हर रोज सकाळी जेसला घेऊन कुंपण बघायला जातो. कुंपण काय पळून जातंय? जेस म्हातारी नाही, चार वर्षांची कुत्री आहे, पण संध्याकाळी चुलीपुढे अशी पडते की वर पाय देऊन गेलं तरी उठत नाही.

दोनदाती हडकल्या आहेत. बसमधून येताना खालच्या माळावर पाहिल्या. पाठीचा कणा दिसतोय. आयव्हर म्हणतो खत नाही पडलं, दुसरं काय होणार. वाळलेल्या गवताचे भारे मोजून ठेवले होते मी गोठ्यात, ते निम्मे संपले. मेंढ्यांनी खाल्ले म्हणावं तर त्या जाड्या दिसायला हव्यात.

२ जुलै

स्पष्टच लिहिते. मला वाटतं आयव्हर डोंगरावरच्या झोपडीत बसून पितो. सकाळी जातो तो दुपारी येतो, डोळे लाल, बोलणं नाही. पावाच्या कडा, उरलेल्या भाज्या, सगळं पिशवीत भरून नेतो. कशाला म्हटलं तर "जेसला." जेस कोबी खाते हे मला नवीनच.

आज तो आला तेव्हा मुद्दाम जवळ जाऊन वास घेतला. चहा आणि लोकर. बाटली तिकडेच धूत असेल.

त्याला विचारायचं धाडस होत नाही. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला विचारायची भीती वाटावी! आई असती तर म्हणाली असती, नोलीन, तुझी जीभ कुणी कापली का?

२३ जुलै

रात्रभर पाऊस, सकाळी गारा. तीन दोनदाती मेल्या. गाभण, पोटात जुळी. आयव्हरनं त्यांना ओढून नेलं. मी म्हटलं, या वर्षी लवकर उघडू या ना घळ. आत्ताच. राखलेलं गवत कशाला आहे मग?

"अजून वेळ आहे."

"मेल्यावर उघडायची का?"

"म्हटलं ना, वेळ आहे!" असा ओरडला की कपाटातली ताटं वाजली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. ही दारूच. खात्री झाली माझी.

३ ऑगस्ट, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

आज सकाळी होहेपाला गाठलं आणि म्हटलं, मला तुझ्या घोड्यावर बसव आणि वर ने. झोपडीतली बाटली मला माझ्या हातानं फोडायची होती. झोपडीत काही नव्हतं. रिकामा कप आणि खुर्ची. मग घळीचं फाटक दिसलं. तार सैल होती, रोज उघडतात त्या फाटकासारखी.

घळ बोडकी. न्हाव्यानं वस्तरा फिरवावा तशी. झऱ्याच्या कडेला चिखल, आणि त्या चिखलात त्या उभ्या. दोनशे म्हाताऱ्या. आमच्या कानाच्या खुणा असलेल्या, ओठ आत गेलेल्या. एप्रिलमध्ये पुरलेल्या. मला बघून ओरडत धावत आल्या. त्यांना वाटलं मी पाव आणलाय.

होहेपा म्हणाला, "अरे देवा, आयव्हर."

मी घोड्यावर बसून रडले. रागानं रडले. चारशे पोरी खाली उपाशी मरतायत, आणि ज्यांना कुणी फुकट नेत नाही त्या इथे बसून त्यांचं ताट खातायत! माझं घर खातायत!

आयव्हर खाली अंगणात उभा होता. कुठे गेले होते ते त्याला कळलंच. मी तोंडाला येईल ते बोलले. खोटारडा म्हटलं. भित्रा म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "पहिलीला पाडली. गुडघा ठेवला, सुरी लावली. तिनं काहीच केलं नाही, नोलीन. धडपडली असती तर कापली असती मी."

"आयुष्यभर मेंढ्या कापल्यास तू!"

"खाण्यासाठी कापल्या. कुणीतरी खाणार म्हणून. खड्ड्यात टाकायला मी एकही कापलेली नाही." मग म्हणाला, "म्हटलं उद्या करू. रोज म्हटलं उद्या. मग गेथिन आला. त्याला दाखवल्या. तो म्हणाला, आमच्याकडे असत्या तर या दोनशे जणींवर तुझं घर चाललं असतं. ते ऐकल्यावर तर हात उचलेना."

मला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. बटाटे सोलायला बसले.

५ ऑगस्ट

होहेपा काल येऊन बसला. तिघे बसलो. घळ तर गेली. आता पाऊस पडला तरी गवत यायला सहा आठवडे. दोनदाती तीन आठवड्यांत विणार.

होहेपा म्हणाला, "नदीपलीकडे माझा सपाट माळ पडलाय. मेंढ्या विकल्यापासून कुणी चरलेलं नाही. गुडघाभर गवत आहे. आण तुझ्या पोरी."

आयव्हर म्हणाला, "भाडं काय घेशील?"

"पैसे आहेत का तुझ्याकडे? नाहीत ना. मग विचारतोस कशाला?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण त्या म्हाताऱ्यांचं आधी बघ. त्या राहिल्या तर पुढच्या वर्षीही हेच. मी येतो सुरी घेऊन. सवय आहे मला."

"नाही," आयव्हर म्हणाला. "ठेवल्या मी. मीच करणार. तू फक्त धरून दे."

८ ऑगस्ट

दोन दिवस लागले. आधी खड्डा परत उकरावा लागला. रिकामाच होता, काम सोपं झालं. मी बस चालवली, आणि दोन्ही दिवस दुपारी चहा घेऊन गेले. जाताना वाटायचं, थांबला असेल. थांबला नव्हता. एकेकीला पाडायचा, मान वळवायचा, झालं. होहेपा पुढची आणायचा. आयव्हरचे हात कोपरापर्यंत लाल आणि चेहरा पिठासारखा. दुसऱ्या दिवशी तर एवढ्या भराभर चाललं होतं की होहेपाला आणायला वेळ पुरेना.

एकशे अठ्ठ्याण्णव. आठ हिवाळ्यातच मेल्या होत्या.

संध्याकाळी मी त्याचे हात धुतले, गरम पाण्यानं, ब्रशनं नखं घासून. लहान पोरासारखा उभा राहिला. आज शर्ट टाकून द्यावा लागला.

२९ ऑगस्ट

दोनदाती होहेपाच्या माळावर व्यायला लागल्या. आधी भीती होती की अंगावर दूधच नसेल. आहे. फार नाही, पण आहे. आयव्हर तिथेच तंबू टाकून राहिलाय. शाळेला सुट्टी, म्हणून मीही गेले. पावसात एक अडलेली होती, मी डोकं धरलं, त्यानं कोकरू ओढलं. जगलं. चिखलात बसून दोघं हसलो. किती दिवसांनी.

२२ सप्टेंबर

तीनशे सहासष्ट कोकरं उभी आहेत. चारशे दोनदातींना हे काही फार नाही, पूर्वीच्या वर्षी लाज वाटली असती. यंदा पुरतील. सामान बांधायचं नाही, एवढं नक्की झालं. मी हे आयव्हरला म्हटलं तर त्यानं मान हलवली आणि कुंपणाची तार कापायला गेला. वरच्या कड्यावरच्या मेंढ्या आता कायमच्या उतरवायच्या, डोंगर झुडपांना परत द्यायचा, असं त्यानंच ठरवलं. मी अठरा वर्षं मनात हेच म्हणत होते, पण तसं बोलून दाखवलं नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.

गेथिनचं पत्र आलं. मोजणारा येऊन गेला, मोजणीत सगळ्या मेंढ्या भरल्या. आयव्हरनं पत्र वाचून घडी केली आणि खिशात ठेवलं. उत्तर मीच लिहायचं दिसतंय.

१० नोव्हेंबर, रविवार

होहेपा आला, टोपी हातात घेऊन. तो टोपी हातात घेतो तेव्हा काहीतरी मागायचं असतं.

"साखळीवर एक माणूस कमी आहे माझ्या शेजारी," म्हणाला. "मुकादमाला मी तुझ्याबद्दल सांगितलं, आयव्हर. म्हटलं, दोन दिवसांत दोनशे केल्या यानं. तो म्हणाला, घेऊन ये. शिकाऊ म्हणून लागशील, पोरांच्या रांगेत. पण एप्रिलपर्यंत काम आहे."

मी म्हणणार होते की नको. माझ्या ओठांवर आलंच होतं. नुसती कोकरं विकून आणि माझ्या बसवर हे वर्ष कसंबसं निघेल, पण निघेल. तेवढ्यात आयव्हर म्हणाला, "किती वाजता निघतोस तू?"

"पहाटे पावणेपाच."

"फाटकापाशी उभा राहतो."

होहेपा गेल्यावर मी म्हटलं, तुला हे करायची गरज नाही. तो म्हणाला, "त्याचं गवत खाल्लं आपण." आणि मग, "ते लोक खातात, नोलीन. जहाजानं जातं सगळं, कुणीतरी खातं. खड्ड्यात नाही टाकत." मला ते पटलं. पटलं तरी मी ओसरीवर बराच वेळ उभी होते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पांढरे गमबूट, पांढरा कोट. एकोणपन्नास वर्षांचा माणूस शाळेत जाणाऱ्या पोरासारखा फाटकाशी उभा. मी पण बस घेऊन निघाले, दिवसभर लक्ष लागलं नाही, एका पोराला उतरवायचंच विसरले आणि परत न्यावं लागलं.

संध्याकाळी सहाला आला. जेवायला बसला. मीच शेवटी म्हटलं, "जमलं का?"

"हो."

"जड गेलं?"

त्यानं विचार केला. खरोखर विचार केला, घास गिळून, पाणी पिऊन.

"नाही," म्हणाला. "सोपं आहे. यातली एकही मी वाढवलेली नसते."

मग ताट पुढे करून म्हणाला, अजून थोडे बटाटे वाढ. मला रडू आलं. वाढले बटाटे.